परदेशी पाहुण्यांना ‘नळाचे पाणी पिऊ नका’ एवढेच सांगायचे?

पाऊस ओसरला की मुंबईत परिषदांचा हंगाम सुरू होतो. डॉक्टरांच्या परिषदा, अभियंत्यांच्या, बँकवाल्यांच्या, दागिने व्यापाऱ्यांच्या. वांद्रे-कुर्ला संकुलातले जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१वे अधिवेशन तिथे भरले. अशा कार्यक्रमांना येणारे बडे पाहुणे पंचतारांकित हॉटेलांत उतरतात. पण विद्यापीठाच्या तुटपुंज्या अनुदानावर आलेला तरुण संशोधक, आफ्रिकेतल्या एखाद्या सरकारी खात्याचा अधिकारी किंवा छोट्या कंपनीचा प्रतिनिधी अनेकदा साकीनाका, मरोळ, चकाला या पट्ट्यात खोली घेतो. विमानतळ जवळ, हॉटेले प्रत्येक खिशाला परवडणारी आणि मेट्रो दाराशी, अशी ही सोय.

या पाहुण्याला कार्यक्रमपत्रिकेबरोबर आरोग्याच्या सूचनांचे एक पान मिळते. नळाचे पाणी पिऊ नका, रस्त्यावरचे खाऊ नका, डासांपासून सावध राहा, विमा काढून या. या चार ओळी वर्षानुवर्षे तशाच आहेत. त्यातले ‘मुंबई’ खोडून ‘जकार्ता’ लिहिले तरी काही बिघडत नाही. जानेवारीत येणाऱ्यालाही तेच पान आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्यालाही तेच. यातले एकही वाक्य खोटे नाही, पण ते वाचून कोणाचा आजार टळेल असेही नाही. सल्ला उपयोगी पडायचा तर तो महिना पाहून, मुक्कामाची जागा पाहून आणि माणूस पाहून द्यावा लागतो. शिवाय परतीच्या विमानात बसल्यावर तो संपत नाही, हेही त्यात लिहावे लागते.

घरून निघताना

प्रवासात दगावणाऱ्यांमध्ये मोठा वाटा जंतुसंसर्गाचा नसतो, तर हृदयविकाराचा आणि त्याखालोखाल अपघातांचा असतो. परिषदेला येणारा माणूस म्हणजे पाठीवर पिशवी टाकून हिंडणारा विशीतला पर्यटक नव्हे. बऱ्याचदा तो पन्नाशी ओलांडलेला असतो, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी रोज घेत असतो. रात्रभर विमानात बसून येतो, झोप पुरी होत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे भाषण असते. त्याच्यासाठी पहिली सूचना पाण्याची नसून औषधांची असायला हवी.

रोजची औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत, मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त घ्यावीत आणि मूळ वेष्टनातच आणावीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर औषधाचे जेनेरिक नाव असावे. ब्रँडची नावे देशागणिक बदलतात. साकीनाक्याच्या औषधविक्रेत्याला जर्मन ब्रँड ओळखता येणार नाही, पण ‘मेटफॉर्मिन’ म्हटले की तो लगेच पट्टी काढून देईल. अमेरिकन माणसाला मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी : त्याच्याकडचे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉल. इन्सुलिन घेणाऱ्याने पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो हे ध्यानात घेऊन मात्रेचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणावे. इन्सुलिन सामानाच्या डब्यात टाकू नये, ते हाताशीच ठेवावे.

लांबच्या विमानप्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती बरीच बोलली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, तरीही तो साधारण सहा हजारांत एक एवढाच राहतो. बहुतेकांना मधूनमधून उठून चालणे आणि पाणी पीत राहणे पुरते. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मनानेच अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

पिवळ्या तापाच्या लशीबाबत तर जराही सूट मिळत नाही. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत हा ताप आहे तिथून येणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. तीन दिवसांच्या परिषदेसाठी आलेल्या माणसाची परिषद तिथेच संपते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. नैरोबीच्या परिषदेहून परतणाऱ्या पुणेकरालाही हाच नियम लागू आहे.

औषधांच्या कायद्यांचेही तसेच. वेदनाशामक ट्रॅमाडॉल भारतात २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे पाहुण्याने ते चिठ्ठीशिवाय आणू नये. आणि आपला माणूस दुबईला निघाला असेल तर त्याने ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांचे तिथले नियम पाहूनच बॅग भरावी. दुबई आणि सिंगापूरला तर घरच्या मसाल्याच्या पुडीतली खसखससुद्धा अडचणीत आणू शकते.

पोट सांभाळताना

आता पाणी. भांडुपच्या शुद्धीकरण संकुलातून निघणारे मुंबईचे पाणी पिण्याजोगे असते. गडबड होते ती पुढे. पाणी दिवसातले काही तासच येते, बाकीच्या वेळी रिकाम्या जलवाहिन्या गटारांशेजारून जातात आणि गळती असेल तिथे बाहेरचे आत ओढले जाते. त्यानंतर इमारतीची टाकी असतेच. पाहुण्याने सीलबंद किंवा उकळलेले पाणी प्यावे हे बरोबर, पण त्याला बर्फाचे सांगायला सगळे विसरतात. न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. निळसर बर्फ पेल्यात दिसला तर पेय परत करावे. रंग नसलेला बर्फही कोणत्या पाण्याचा आहे ते ठाऊक नसेल तर बर्फाविना प्यावे.

‘रस्त्यावरचे खाऊ नका’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. जंतूंना हॉटेल आणि टपरी यांतला फरक कळत नाही, त्यांना तापमान कळते. शिजवलेले अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवले तर जंतूंची वाढ रोखली जाते. मधल्या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात. उकळत्या तेलातून थेट हातात आलेला वडा या हिशेबाने बराच सुरक्षित असतो. भीती असते ती पाण्यात वाटलेल्या हिरव्या चटणीची आणि नोटा मोजून पाव कापणाऱ्या हाताची. उलट परिषदेच्या बुफेत पहिले सत्र लांबल्यामुळे दोन तास कोमट पडलेला भात, चिरून ठेवलेली फळे आणि मेयोनेज घातलेले सॅलड हे चकचकीत भांड्यांत असले तरी धोक्याचेच. पाहुण्याला सांगावे : समोर शिजलेले आणि वाफाळते असेल ते खा, सोलून खायचे फळ स्वतः सोला. आयोजकांना सांगावे : भाषणे लांबली तर जेवणाची भांडी बाहेर मांडू नका.

इतके करूनही पोट बिघडू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणे दोन आठवड्यांच्या प्रवासात, ठिकाण आणि ऋतूनुसार, ३० ते ७० टक्के प्रवाशांना जुलाब होतात. बहुतेक जण तीन ते पाच दिवसांत बरे होतात. औषध कोणते, तर ओआरएस. ते मिळेपर्यंत एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घरून आणलेले सिप्रोफ्लॉक्सॅसिन अनेक पाहुणे पहिल्याच जुलाबाला घेऊन टाकतात. आपल्या भागातले बरेच जंतू त्याला दाद देत नाहीत. शौचातून रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर स्वतःचे उपचार थांबवून डॉक्टर गाठावा. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये.

महिना कोणता, हे आधी विचारा

जून ते ऑक्टोबर हे मुंबईत तापाचे महिने, आणि त्याची शेपटी नोव्हेंबरपर्यंत राहते. या काळात महापालिका मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोचे आकडे वेळोवेळी जाहीर करते. ते आकडे पाहून पान लिहायला कोणाची हरकत असणार नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, शहरी मलेरियाचा रात्री. त्यामुळे ‘संध्याकाळी काळजी घ्या’ हे पुरेसे नाही. डासरोधक मलम सकाळी परिषदेला निघतानाही लावायचे असते. साकीनाका-मरोळ पट्ट्यात बांधकामे चालू आहेत, आणि उघड्या टाक्यांतले व बांधकामाच्या जागी साठलेले स्वच्छ पाणी मलेरियाच्या डासाला फार आवडते.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का? इथे पाहुण्यांचा हमखास गोंधळ उडतो. अमेरिकी मार्गदर्शन मुंबईसह भारताच्या बहुतेक भागासाठी गोळ्या सुचवते, तर ब्रिटिश मार्गदर्शन देशाच्या मोठ्या भागाला कमी जोखमीचा मानून डासांपासून बचावावर भर देते. एकाच हॉटेलात न्याहारीला बसलेल्या दोघांपैकी एक गोळी घेतो, दुसरा नाही, आणि दोघेही आपापल्या डॉक्टरांचे ऐकत असतात. पावसाळ्यात लांबचा मुक्काम असेल, गरोदरपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर निघण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारलाच पाहिजे.

लेप्टोचे नाव तर या पत्रकांत सापडतच नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी साकीनाका-कुर्ल्याच्या वस्तीतून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या काही आठवड्यांत शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. साचलेल्या पाण्यात उंदीर, गुरे, कुत्री यांचे मूत्र मिसळते आणि पायावरच्या छोट्याशा जखमेतून जंतू आत शिरतो. पाहुण्याला इतकेच सांगावे : गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन सत्र गाठू नका. जावेच लागले, तर पाय साबणाने धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा.

डिसेंबर-जानेवारीच्या पाहुण्याला डासांची चिंता कमी असते, हवेची जास्त. वारा मंदावतो आणि धूळ खाली राहते. दमेकऱ्याने इन्हेलर खिशात ठेवावा, खोलीतल्या पेटीत नाही. एप्रिल-मेच्या पाहुण्याला दमट उष्णता छळते. थंडगार सभागृहातून बाहेर आल्यावर कोट काढावा, पाणी प्यावे आणि दुपारी शहर पाहायला निघू नये.

रस्ता आणि रुग्णालय

ज्या देशांत वाहने उजवीकडून चालतात तिथला माणूस रस्ता ओलांडताना सवयीने चुकीच्या बाजूला पाहतो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर ही चूक महागात पडते. त्याला रिक्षाच्या दरांपेक्षा मेट्रोचा मार्ग आधी सांगावा. साकीनाका स्थानकातून अंधेरीच्या दिशेने एकच थांबा मरोळ नाका, तिथे भुयारी अ‍ॅक्वा मार्गिकेत बदल करून थेट वांद्रे-कुर्ला संकुल. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वेळ वाचतो, धूर टळतो आणि चौकातली कोंडीही. टॅक्सीत बसलात तर मागच्या सीटवरही पट्टा लावा, हे वाक्य पत्रकात ठळक छापावे.

भटके कुत्रे चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. ‘परवा घरी गेल्यावर बघू’ हे इथे चालत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की उपचार जवळजवळ संपलेले असतात. पालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक खोलीच्या किल्लीच्या पाकिटावर छापायला खर्च येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हृदयविकाराचा झटका आल्यास चोवीस तास उपचार करणारे सर्वात जवळचे रुग्णालय कोणते आणि सकाळच्या गर्दीत तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे हॉटेलच्या रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला माहीत असावे. छातीत दुखत असताना पाहुण्याला विमा कंपनीचा क्रमांक शोधत बसावे लागू नये. खासगी रुग्णालय अनामत रक्कम मागू शकते, म्हणून विम्याचे पत्र आणि मदत क्रमांक यांची एक प्रत सोबतच्या सहकाऱ्याकडे असावी.

परतल्यानंतरचा ताप

पत्रकात सर्वाधिक गरज असलेले आणि कुठेच न सापडणारे कलम हे आहे. मलेरिया चावा घेतल्यावर किमान सात दिवसांनी दिसतो. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनीही उसळतो. डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत, लेप्टो दोन ते तीस दिवसांत, टायफॉइड एक ते तीन आठवड्यांत. म्हणजे चार दिवसांच्या परिषदेला आलेला माणूस आजारी पडेल तो बहुधा आपल्या घरी, जिथल्या डॉक्टरने मलेरियाचा रुग्ण वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. तिथे तापाला फ्लू समजून दोन दिवस गेले आणि तो फाल्सिपेरम मलेरिया निघाला, तर ते दोन दिवस जिवावर बेततात.

म्हणून पाहुण्याला स्पष्ट लिहून द्यावे : परतल्यापासून तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि तोंड उघडताच ‘मी मुंबईला गेलो होतो, मलेरियाची तपासणी करा’ असे सांगा. त्यानंतरही वर्षभर कोणत्याही तापात ही गोष्ट डॉक्टरला सांगा. निदान होईपर्यंत ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू असल्यास अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

असे लिहिले तर शहराची बदनामी होईल, अशी भीती काही आयोजकांना वाटते. ती अनाठायी आहे. आजार लपवणाऱ्या शहरापेक्षा त्याची नीट माहिती देणाऱ्या शहरावर पाहुणे अधिक विश्वास ठेवतात. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या भीतीने १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. जगाला मुंबईच्या आजारांची माहिती नव्याने द्यायची नाही. ती वेळेवर आणि नेमकी द्यायची आहे.

संसर्ग दोन्ही दिशांनी

पाहुणा फक्त आजार घेऊन जात नाही, तो आणूही शकतो. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेल्या एका आजारी डॉक्टरकडून सार्सचा विषाणू इतर पाहुण्यांना लागला आणि त्यांच्याबरोबर व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडापर्यंत गेला. त्याआधी १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यातून २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर गेला आणि त्या आजाराला अधिवेशनाला आलेल्या सैनिकांचेच नाव मिळाले, लिजनेअर्स डिसीज. परिषद म्हणजे बंद खोलीत, परक्या हवेत, जवळजवळ बसलेली माणसे. सर्दी-ताप असलेल्या पाहुण्याने खोलीत थांबून ऑनलाइन भाषण करावे आणि आयोजकांनी त्याची सोय ठेवावी, यात कमीपणा काही नाही. मास्क आहेच.

या साखळीत एक माणूस नेहमी विसरला जातो. पाहुण्याची खोली आवरणारी, पोळ्या लाटणारी, टॅक्सी चालवणारी माणसे अनेकदा याच परिसरातल्या दाट वस्तीत राहतात. पाहुण्याला सीलबंद बाटली देणाऱ्या वाढप्याच्या घरी पाणी ठरावीक तासालाच येते. त्याला ताप आला तरी तो कामावर येतो, कारण खाडा म्हणजे पगारकपात. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांवर लसीकरण हे अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे. हॉटेल निवडताना आयोजकांनी खोल्यांच्या दराबरोबर या तपासणीच्या नोंदी मागाव्यात आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळते का, हेही विचारावे. जुलाब झालेला आचारी घरी राहू शकला, तर ते दारात ठेवलेल्या सॅनिटायझरच्या दहा बाटल्यांपेक्षा अधिक गुणकारी ठरेल.

परदेशी पाहुणा आला की हॉटेलला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. म्हणजे प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट एकदा तरी काउंटरवर उघडतो. त्याच वेळी त्याच्या हातात त्या महिन्याचे, त्या विभागाचे एक पान द्यावे. पुढच्या बाजूला मुक्कामातली काळजी आणि क्रमांक, मागच्या बाजूला परतल्यावरच्या तापाची सूचना, त्याच्या डॉक्टरला दाखवता येईल अशी. मजकूर महापालिकेच्या आरोग्य खात्याने तयार करावा, दर महिन्याला बदलावा आणि छपाईचा खर्च आयोजकांनी उचलावा. तोपर्यंत, या हंगामाचे पत्रक छापायला जाण्यापूर्वी ते जवळच्या पालिका रुग्णालयातल्या एखाद्या डॉक्टरला वाचायला द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.